कामाचा आठवडा : एका संज्ञेची रत्नागिरीच्या अनुभवावरून चिकित्सा

१

कामगारविषयक मराठी लेखनात ‘कामाचा आठवडा’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. तिचा इतिहास सांगण्याची एक ठराविक रीतही त्याबरोबर पडून गेली आहे. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे ६० तास, १९३४ च्या कायद्याने ५४ तास, १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तास, अशी उतरत्या आकड्यांची मालिका मांडावयाची आणि तिच्या शेवटी कामगारांच्या मुक्ततेचा निष्कर्ष काढावयाचा, ही ती रीत होय. ही मालिका खोटी नाही. तीतील प्रत्येक पायरीमागे लढे, निवेदने आणि उपासमार आहे. तथापि संज्ञेचा पुरता अर्थ तीत सापडत नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

तासांची बेरीज आठवड्याची लांबी सांगते. त्याचा अर्थ ठरविण्यासाठी आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. मोकळा दिवस सर्वांना एकाच वेळी मिळतो की ज्याचा त्याला वेगवेगळा, ही पहिली. आणि मोजलेल्या कामाच्या मागे न मोजलेले काम किती उभे आहे, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी रत्नागिरी जिल्ह्याच्या अनुभवावरून जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतील. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक या एका जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग येत असे. हे विभाजन १९८१ साली झाले. म्हणजे मुंबईच्या भोंग्यावर जो आठवडा मोजला गेला, तो मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीच्या माणसांचा होता. त्या माणसांची घरे, शेते आणि बायकामुले मात्र त्या मोजणीच्या बाहेर, खाडीपलीकडे राहिली होती.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘आठवडा’ या शब्दात आठ हा अंक आहे. दिवस मात्र सात. एका बाजाराच्या दिवसापासून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत, दोन्ही टोके धरून मोजल्यास आठ दिवस भरतात, या जुन्या मोजणीचाच हा अवशेष दिसतो. ‘आठवड्याचा बाजार’ हा शब्दप्रयोग त्याच व्यवहारातला आहे. रत्नागिरी शहराचा एक भाग आजही ‘आठवडा बाजार’ या नावानेच ओळखला जातो. गावगाड्यात आठवडा होता, पण तो खरेदीविक्रीचा, उपासतापासाचा आणि देवाच्या वाराचा होता. कामाचे माप म्हणून त्याचा उपयोग फारसा नव्हता.

कोकणातील काम आठवड्याच्या चौकटीत बसत नाही, याची कारणे भूमी आणि समुद्र यांतच आहेत. भाताची पेरणी रोहिणी-मृगाकडे पाहते, लावणी आर्द्रा-पुनर्वसूकडे, आणि हळव्या भाताची कापणी हस्ताच्या सुमारास येते. लावणीच्या दिवसांत पाऊस लागून राहिला आणि रोपे तयार असली, तर रविवार आहे म्हणून कोणी शेताच्या बांधावर बसून राहत नाही. मच्छीमाराचा हिशेब आणखी निराळा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग या चक्रावर त्याचे जाळे अवलंबून असते. म्हणजे त्याचे खरे एकक पंधरवडा हे आहे. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरातील खलाशाला सलग ६१ दिवस समुद्र बंद आणि उरलेल्या दहा महिन्यांत सुट्टीचा ठराविक वार नाही. आंब्याच्या बागेतही मोहोर येण्यापासून शेवटची पेटी भरली जाईपर्यंत रात्रंदिवस राखण असते.

यावरून पूर्वीचे ग्रामजीवन संथ आणि सुखाचे होते, असा अर्थ कोणी काढू नये. ऋतूने आखलेल्या कामाला निसर्गाची मर्यादा असते. पण माणसाने माणसावर लादलेल्या कामाला खोती गावांत मर्यादा नव्हती. खोताच्या शेतावर आणि घरी कुळाने वेठीला जावयाचे, आणि नेमके आपल्या शेतात काम असेल त्याच दिवशी जावयाचे, ही रत्नागिरी जिल्ह्यातील कुळांची जुनी तक्रार आहे. ज्याचा दिवसच त्याचा नाही, त्याला आठवड्याची भाषा काय कामाची? पुढे मुंबईच्या गिरणीकडे निघालेला माणूस मोकळेपणाच्या जगातून बंधनाच्या जगात गेला, अशी मांडणी काही भावनाशील लेखनात आढळते. तिला हा पुरावा पुरेसे उत्तर आहे. तो एका न मोजलेल्या बंधनातून निघाला आणि एका मोजलेल्या बंधनात गेला. मोजले जाण्यात जाच होता, तसाच एक लाभही होता. जे मोजले जाते त्याविषयी वाद घालता येतो.

३

हा वाद कसा सुरू झाला, ते पाहण्यासारखे आहे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाचे ९ तास आणि महिन्यातून चार सुट्ट्या, एवढीच त्याची मजल. प्रौढ कामगाराच्या दिवसाविषयी त्यात अक्षर नव्हते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले आणि सणावारांच्या सुट्ट्यांखेरीज ठराविक विश्रांतीचा दिवस नसे.

या परिस्थितीत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीस सरकारी मान्यता मिळाली. स्त्रियांसाठी दिवसाचे ११ तास हीही मर्यादा त्याच कायद्याने घातली. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा पडण्यास १९११ साल उजाडावे लागले.

येथे कालक्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा पडण्यापूर्वी २१ वर्षे सुट्टीचा दिवस मिळाला. लांबीच्या आधी अर्थ आला. उतरत्या आकड्यांची मालिका १९२२ पासून सुरू करणारे लेखक हा क्रम नजरेआड करतात, आणि म्हणून रविवारची मागणी त्यांना तासांच्या मागणीची केवळ प्रस्तावना वाटते. वस्तुतः ती स्वतंत्र मागणी होती. सहा दिवस स्वतःसाठी आणि मालकासाठी राबल्यावर एक दिवस समाजाच्या कामासाठी मिळावा, शिवाय रविवार हा खंडोबाचा वार आहे, अशी लोखंडे यांची भूमिका सांगितली जाते. या भूमिकेत विश्रांतीचा विचार आहेच. पण सर्वांनी एकत्र येण्याचा विचार त्याहून ठळक आहे.

त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला, हेही नमूद केले पाहिजे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे ‘मराठा’ पत्रही त्यांत होते. हिंदी गिरण्यांची वाढ रोखण्यासाठी लँकेशरचे मालक कामगारांच्या कळवळ्याचे सोंग आणीत आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. लँकेशरचा स्वार्थ खरा होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. तथापि मागणी करणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला म्हणजे मागणी अन्याय्य ठरते, असे नव्हे. आणि येथे तर तीच मागणी परळच्या कामगारांच्याही तोंडी होती. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब होता. ज्यांच्या दिवसांची मोजदाद आजवर मालकाने केली, त्यांनी आपले दिवस स्वतः मोजून एका सार्वजनिक कारणासाठी खर्च केले, असा या घटनेचा आपल्या विषयापुरता अर्थ लावता येईल.

पुढचा क्रम परिचित आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने ४८ तासांच्या आठवड्याचा करार मंजूर केला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र त्यात ६० तासांची सवलत ठेवली. तो आकडा १९२२ च्या कायद्यात उतरला. १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी तो ५४ झाला आणि १९४६ साली ४८. या अखेरच्या दुरुस्तीच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडणारेही तेच. ही दोन कामे चरित्रग्रंथांतून वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. रत्नागिरीच्या बाजूने पाहता ती एकाच विचाराची दोन अंगे दिसतात : शेतावर खोताने आणि गिरणीत मालकाने माणसाचा दिवस अमर्याद वापरू नये. त्यांपैकी गिरणीच्या दिवसाला माप मिळाले. शेतावर खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण तेथील श्रमाला माप मिळाले नाही.

४

साप्ताहिक सुट्टी मिळाल्यावर रत्नागिरीच्या माणसाने तिचे काय केले, हा प्रश्न आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. गिरणगावातील चाळींत एकेका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. एकाच्या पाळीच्या वेळी दुसरा झोपे. गावच्या लोकांची मंडळे होती. त्यांच्या सभा सुट्टीच्या दिवशी भरत. शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी, विहीर, कोणाच्या आजारपणाची मदत, गणपतीस किंवा शिमग्यास गावी जाण्याची व्यवस्था, असे विषय तेथे निघत आणि वर्गणी गोळा होई. मुंबईचा रविवार हा अशा रीतीने रत्नागिरीच्या गावांचा कामाचा दिवस झाला. गावी जी सार्वजनिक कामे उभी राहिली, त्यांतील कितीतरी या मोकळ्या दिवसावर उभी आहेत.

हे शक्य झाले याचे कारण दिवस समाईक होता. एकाला मंगळवारी आणि दुसऱ्याला शुक्रवारी सुट्टी असती, तर तासांच्या बेरजेत काहीच फरक पडला नसता. पण सभा भरली नसती. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले आणि आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा ठरविला. परंतु मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देऊन त्या दिवशी काम घेण्याची मुभाही ठेवली. अखंड चालणाऱ्या कारखान्यांना ही मुभा अपरिहार्य आहे. खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथील रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणी भट्टी रविवारी विझविता येत नाही. तथापि जेथे अपरिहार्यता नाही तेथेही सुट्टी फिरती करणे म्हणजे लांबी राखून अर्थ कमी करणे होय, हे मान्य केले पाहिजे.

५

आता दुसरी कसोटी. गिरणीच्या हजेरीपटावर कामगार आला नाही की ‘खाडा’ पडे. मुंबईच्या गिरण्यांत उन्हाळ्याच्या महिन्यांत खाडे वाढतात आणि कोकणी कामगार कामावर टिकत नाही, अशी तक्रार मालकवर्ग वारंवार करी. उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत गावी काय चाललेले असे? शेतात भाजावळ, घराची शाकारणी, पावसाळ्याची बेगमी, लग्नकार्ये. हजेरीपटावरचा खाडा हा शेताघरावरचा भरलेला दिवस असे. एकाच दिवसाला एका वहीत शून्य आणि दुसऱ्या, न लिहिलेल्या वहीत पूर्ण अंक, असा हा प्रकार आहे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडण्याऐवजी तो ओळखून नियमित करावा, असा अभिप्राय दिला. तो शहाणपणाचा होता. मात्र त्याही अभिप्रायात गाव हे कामगाराच्या विसाव्याचे स्थान म्हणून येते. तेथे चालणारे काम हा त्याच आठवड्याचा भाग आहे, असे आयोगाने मानले नाही.

आणि ते काम बहुतांशी कोणी केले? पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. उन्हाळ्यात आलेला चाकरमानी पाऊस सुरू होण्यापूर्वी परत गेला, की लावणी, बेणणी आणि गुरेढोरे साहजिकच मागे राहिलेल्या स्त्रियांच्या अंगावर पडत. या जिल्ह्यातील स्थलांतराची खूण जनगणनेत आजही उमटलेली आहे. २०११ साली येथे १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईची मजुरी एका कुटुंबास पुरेशी नव्हती. घरचे भात, घरची भाजी आणि मुलाबाळांचे संगोपन गावी होत असे, म्हणून ती मजुरी चालून गेली. याचा सरळ अर्थ असा, की गिरणीच्या ६० किंवा ४८ तासांच्या खाली गावातल्या स्त्रीच्या श्रमाचा पाया होता आणि त्या पायाच्या तासांची नोंद कोणत्याही कायद्याने ठेवली नाही. मुंबईत खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचीही स्थिती तीच. जेवणाऱ्याला सुट्टी असली तरी जेवण रांधणारीला नसते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या श्रमाला प्रथमच संघटित आवाज मिळाला.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रीचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. ती कामे करणाऱ्या पुरुषाची ८८. स्त्रीच्या मिनिटांना सातांनी गुणले तर आठवड्याचे सुमारे ३४ तास होतात. हा आठवडा सात दिवसांचाच आहे. त्याला रविवार नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कायद्याने जे मोजता येते तेच मोजावे. घरचे आणि शेतावरचे श्रम मोजण्यास पर्यवेक्षक कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील. आक्षेप बिनबुडाचा नाही. शेतावर भोंगा बसवावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु कायदा मोजत नाही म्हणून अभ्यासकानेही मोजू नये, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. कामाच्या आठवड्याविषयी निष्कर्ष काढताना मोजलेल्या तासांचा आकडा हा संपूर्ण आकडा नव्हे, एवढी जाणीव तरी लेखनात दिसली पाहिजे.

ही जाणीव आज का आवश्यक आहे, ते अलीकडच्या घडामोडींवरून ध्यानात येईल. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाने आपल्या कार्यालयांसाठी पाच दिवसांचा आठवडा सुरू केला आणि त्याच्या भरपाईसाठी रोजच्या कामाची वेळ वाढविली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास मात्र आधारभूत म्हणून कायम ठेवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४८ च्या कायद्याची जागा त्यांतील एकीने घेतली. तीतही साप्ताहिक सुट्टी आणि ४८ तास ही चौकट राहिली आहे. केवळ लांबी पाहणाऱ्या अभ्यासकास या सर्व बदलांत काही घडलेच नाही, असे म्हणावे लागेल. बेरीज तीच आहे.

आमच्या दोन कसोट्या लावल्या तर चित्र निराळे दिसते. १२ तासांचे चार दिवस आणि तीन दिवस मोकळे, ही रचना रत्नागिरीच्या चाकरमान्यास एका दृष्टीने उपकारक ठरू शकेल, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. तीन दिवस सलग मिळाले तर गावी जाऊन येता येईल, आणि ज्याला पूर्वी खाडा म्हणत तोच दिवस हक्काचा होईल. परंतु हे केव्हा घडेल? ते तीन दिवस सलग असतील, इतरांच्या मोकळ्या दिवसांशी जुळतील आणि ते निवडण्यात कामगाराचे काही चालेल, तेव्हाच. हे नसेल तर १२ तासांचा दिवस घरच्या स्त्रीवर आणखी भार टाकील. आणि कामगार स्वतः स्त्री असेल तर तिच्या १२ तासांत ते जवळजवळ पाच तास मिळवावे लागतील. चोवीस तासांतून मग झोपेपुरते तरी किती उरतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

७

सारांश, कामाच्या आठवड्याचे मूल्यमापन तीन प्रश्नांनी व्हावे : बेरीज किती, मोकळा दिवस समाईक आहे की नाही, आणि त्या बेरजेखाली न मोजलेले काम कोणाचे आहे. आजवरच्या लेखनाने पहिल्या प्रश्नास भरपूर न्याय दिला. उरलेले दोन उपेक्षित राहिले. १८८४ च्या निवेदनात दुसऱ्या प्रश्नाचे बीज स्पष्ट होते. तिसरा त्या काळी कोणी विचारला नाही. तो आता आपण विचारावयाचा आहे.

या दिशेने संशोधन करावयाचे तर साधने अजून हाताशी आहेत. ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते आणि वर्गणीच्या वह्या, मनिऑर्डरींच्या पावत्या, चाळींच्या खोल्यांचे हिशेब, आणि मुख्यतः लावणीच्या दिवसांत घरी एकट्या राहिलेल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी, ही ती साधने होत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि वह्या सांभाळणारी पिढी आता थकली आहे. कागद वाळवीच्या आधी आणि आठवणी माणसांबरोबर जाण्याच्या आधी नोंदल्या गेल्या, तर रत्नागिरीच्या आठवड्याचा न लिहिलेला अर्धा भाग लिहिता येईल. तोपर्यंत ४८ या आकड्यासमोर पूर्णविराम देण्याची घाई अभ्यासकांनी करू नये.